समोर बसलेल्या माणसाचा भरवसा

छायाचित्रकलेच्या इतिहासात भिंगांची, रसायनांची आणि पेटंटांची हकिकत तपशिलाने येते. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाची हकिकत मात्र बहुधा चित्राखालच्या नावापुरती उरते आणि पुष्कळदा तेही उरत नाही. वास्तविक १८४० ते १८८० या चार दशकांत व्यक्तिचित्रे काढणाऱ्या छायाचित्रकाराचा सर्वांत कमी ताबा जर कशावर चालत असेल, तर तो या माणसावर. प्रकाश कमी पडला तर थांबता येई, रसायन बिघडले तर नवे करता येई. परंतु ठरल्या वेळी न येणाऱ्या, आल्यावर फार वेळ न टिकणाऱ्या आणि टिकल्यावर ऐन क्षणी हसू फुटणाऱ्या माणसावर रसायनशास्त्रात उपाय नव्हता. तो उपाय छायाचित्रकारांनी आपल्या भोवतालच्या समाजात शोधला, म्हणजे समोर बसण्यास नकार देणे ज्यांना कठीण जाईल अशी माणसे त्यांनी शोधली. आणि आरंभीच्या व्यक्तिचित्रांचा इतिहास नीट पाहिला तर तो बऱ्याच अंशी या शोधाचाच इतिहास ठरतो.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे लुई दागेर यांची पद्धत जाहीर करण्यात आली, तेव्हा तिचा उपयोग माणसांची चित्रे काढण्यासाठी होईल असे फारसे कोणाला वाटले नव्हते. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवणाऱ्या या पद्धतीत एक्स्पोजर, म्हणजे पत्र्यावर प्रकाश पडू देण्याचा अवधी, कित्येक मिनिटांचा असे, आणि तेवढा वेळ भर उन्हात पापणी न हलवता बसणे ही एक शिक्षाच होती. पुढच्या वर्षभरात व्हिएन्नाचे गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल यांनी अधिक प्रकाश घेणारे भिंग तयार केले, ब्रोमीनसारख्या द्रव्यांनी पत्र्याची संवेदनक्षमता वाढवण्याची युक्ती सापडली आणि १८४१ च्या मार्चमध्ये रिचर्ड बिअर्ड यांनी लंडनच्या पॉलिटेक्निक संस्थेच्या माथ्यावर युरोपातील पहिला सार्वजनिक पोर्ट्रेट स्टुडिओ उघडला. तरीही काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत डोके स्थिर राहणे आवश्यकच होते, म्हणून हेड रेस्ट नावाचे लोखंडी उपकरण प्रचारात आले. जड बैठकीच्या उभ्या दांड्याला वर दोन बोटांसारखा चिमटा असे, तो मानेमागून डोक्याला टेकवला जाई आणि समोरून दिसू नये अशी काळजी घेतली जाई. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांतली माणसे ताठ व गंभीर दिसतात त्यामागे त्या काळच्या शिष्टाचाराइतकाच या चिमट्याचाही वाटा आहे.

स्टुडिओत येणारा माणूस स्वतः पैसे मोजत असल्यामुळे त्याच्या येण्याबद्दल फारशी चिंता नसे. तिथली खरी अडचण लहान मुलांची होती. मुलाला स्थिर ठेवण्यासाठी आईला खुर्चीत बसवून तिच्यावर शालीसारखे जाड कापड पांघरायचे आणि मूल तिच्या मांडीवर ठेवून चित्र घ्यायचे, असा तोडगा निघाला. चित्रात मूल स्पष्ट उमटे आणि त्याच्यामागे माणसाच्या आकाराचा एक गाठोडेवजा ढीग राही. अशी शेकडो चित्रे आज संग्रहांत आहेत आणि ती पाहणाऱ्याला काहीशी भीतिदायक वाटतात. परंतु ज्या छायाचित्रकाराला गिऱ्हाइकाचे नव्हे तर स्वतःच्या कल्पनेतले चित्र काढायचे होते, त्याला समोर बसणारा माणूस मागून घ्यावा लागे. मॉडेल, म्हणजे दुसऱ्याच्या कल्पनेतील चित्रासाठी स्वतःचे शरीर व चेहरा काही काळ देणारी व्यक्ती, हा प्रश्न इथून सुरू होतो.

या प्रश्नाचे एक विलक्षण उदाहरण स्कॉटलंडमध्ये सापडते. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडली, चारशेहून अधिक धर्मोपदेशक सभात्याग करून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र चर्च स्थापन केले. या प्रसंगाचे भव्य तैलचित्र काढण्याचे चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांनी ठरवले, पण त्यासाठी ज्यांचे चेहरे हवे होते ती शेकडो माणसे काही दिवसांत देशभर आपापल्या गावी पांगणार होती. एकेकाला बैठकीसाठी बोलावून रेखाटने करायची म्हटले तर काही वर्षे लागली असती आणि निम्मे लोक आलेही नसते. वैज्ञानिक डेव्हिड ब्रूस्टर यांनी हिल यांना रॉबर्ट ॲडम्सन या तरुण छायाचित्रकाराकडे पाठवले, आणि दोघांनी कॅलोटाइप, म्हणजे कागदावर निगेटिव्ह घेण्याच्या पद्धतीने, उपदेशकांची चित्रे घेण्यास सुरुवात केली. कॅल्टन हिलवरील रॉक हाउसच्या अंगणात, उघड्या प्रकाशात, पुस्तकावर कोपर टेकवलेले किंवा हाताने डोके सावरलेले हे उपदेशक चिंतनमग्न भासतात. त्यांना मिनिटभर किंवा अधिक काळ हलू न देण्याची ती सोय होती. तैलचित्र पुरे व्हायला १८६६ साल उजाडले आणि ते पाहताना आज कोणी फारसे थबकत नाही, पण त्याच्यासाठी तात्पुरती म्हणून घेतलेली छायाचित्रे या कलेच्या आरंभीच्या श्रेष्ठ कृतींत गणली जातात. चित्रकाराने बैठकींच्या त्रासातून सुटण्यासाठी कॅमेरा हाती घेतला, ही गोष्ट पुढच्या छायाचित्रकारांची कुरकुर वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची सुमारे तीस वर्षे तिचेच राज्य चालले. कोलोडियन हा गनकॉटन ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्रव असून तो काचेवर सारखा पसरवायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या खोलीत नेऊन चित्र प्रकट करायचे, असा तिचा क्रम होता. सर्व काम साधारण दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. मॉडेलच्या बेभरवशाला या पद्धतीने नवी किंमत आणली, कारण काच आधी तयार करून ठेवता येत नसे. माणूस जागेवर बसल्याशिवाय ती तयार करण्यात अर्थ नसे आणि ती तयार होईपर्यंत बसलेला माणूस कंटाळून गेलेला असे. तो हलला तर काच फुकट, पुन्हा धुणे, पुन्हा ओतणे, आणि इंग्लंडच्या आकाशात तेवढ्या वेळात ऊन उरेलच असेही नव्हते.

या अडचणीतून ज्यांनी वेगळी वाट काढली त्यांत ऑस्कर रेजलँडर आणि हेन्री पीच रॉबिन्सन हे दोघे प्रमुख होत. रेजलँडर यांनी १८५७ साली मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात मांडलेले ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र जुळवून केलेले होते. अनेक निगेटिव्हमधील भाग एका कागदावर क्रमाने छापण्याच्या या पद्धतीला संयुक्त मुद्रण म्हणता येईल. एवढी माणसे एकाच वेळी एका खोलीत जमवणे, सर्वांना एकदम स्थिर ठेवणे आणि सर्व चेहरे सारखेच सुस्पष्ट मिळवणे अशक्य होते. माणसे एकेकटी किंवा गटागटाने आली तर चालणार होते, आणि एखादे न आल्यास बाकीचे वाया जात नव्हते. समीक्षकांनी या पद्धतीला तुकडेजोड म्हणून नावे ठेवली. पण ज्याला चार जणांना एका दिवशी एका ठिकाणी बोलावण्याचा अनुभव आहे त्याला तिच्यामागील शहाणपण पटल्याशिवाय राहणार नाही. रेजलँडर पुढे आणखी एक पाऊल गेले. चार्ल्स डार्विन यांच्या भावप्रकटीकरणावरील १८७२ च्या ग्रंथासाठी चित्रे हवी होती, तेव्हा हावभाव करून दाखवायला ते स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. त्याच ग्रंथात फ्रेंच वैद्य द्यूशेन यांची चित्रेही आधारासाठी घेतलेली आहेत, आणि त्यांत विजेच्या सळया लावून ज्याच्या चेहऱ्यावर भाव उमटवले तो वृद्ध मनुष्य रुग्ण होता व त्याच्या चेहऱ्याची संवेदना बरीचशी गेलेली होती. हव्या त्या वेळी हवा तो भाव देणारे मॉडेल मिळवण्याची ही परमावधी म्हणावी लागेल.

रॉबिन्सन यांची तक्रार वेगळ्या जातीची होती. त्यांना ग्रामीण जीवनाची चित्रे हवी होती, परंतु खऱ्या खेडूत मुली कॅमेऱ्यासमोर अवघडतात, संशय घेतात आणि सांगितलेले त्यांना करता येत नाही असे त्यांचे मत झाले, म्हणून त्यांनी सुशिक्षित घरच्या तरुणींना खेडवळ पोशाख चढवून उभे करण्याची पद्धत पाडली. रस्त्यात भेटलेल्या एखाद्या शेतकरी बाईच्या अंगावरचे कपडे आवडले तर ते विकत घ्यायचे आणि घरी आणून सवयीच्या मॉडेलला घालायचे, असा त्यांचा परिपाठ त्यांनी १८८४ च्या आपल्या पुस्तकात निःसंकोच सांगितला आहे. कपडे खरे, माणूस बनावट, हा व्यवहार पुढच्या पिढीतील पीटर हेन्री इमर्सन यांना असह्य झाला; त्यांनी नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशातील कामकरी माणसांचीच चित्रे घेतली आणि रॉबिन्सन यांच्याशी छापील वाद घातला. तथापि रॉबिन्सन यांच्या निवडीमागचे कारण सौंदर्यदृष्टीइतकेच वेळापत्रकाचे होते हे त्या वादात बाजूला पडले. शेतावर राबणाऱ्या मुलीला दुपारचे दोन तास मोकळे नसत. ज्यांना ते असत त्या मुली कपडे बदलून उभ्या राहत.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे उदाहरण या सर्वांत अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण एकाच घराच्या आवारात त्यांनी नोकर, नातलग, शेजारी, पाहुणे आणि देशातील थोर पुरुष अशा सर्वांना कॅमेऱ्यासमोर बसवले आणि प्रत्येकाच्या वागण्याची काही ना काही नोंद मागे राहिली. त्यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला. त्यांचे पती चार्ल्स कॅमेरॉन हे भारताच्या विधी आयोगावर होते आणि मेकॉले यांच्याबरोबर भारतीय दंडसंहितेच्या मसुद्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. इंग्लंडला परतल्यावर वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथे, कवी टेनिसन यांच्या शेजारी, हे कुटुंब राहू लागले. १८६३ च्या डिसेंबरात मुलीने व जावयाने त्यांना विरंगुळा म्हणून कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. कोळशाच्या खोलीची त्यांनी अंधारखोली केली, कोंबड्यांच्या खुराड्याला काचा बसवून स्टुडिओ केला आणि विहिरीवरून पाणी आणण्यापासून सर्व कामात घर जुंपले.

आरंभी त्यांनी फ्रेशवॉटरच्या एका शेतकऱ्याला तासाला हाफ क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग, देऊन बसवले. त्याचा चेहरा त्यांना इतिहासातील बोलिंगब्रोकसारखा वाटे. पुष्कळ हाफ क्राउन खर्च झाल्यावर एक बरी काच साधली आणि ओल्या बाजूवरून स्वतःचाच हात फिरल्याने ती पुसली गेली. मग दोन मुले बसवली, तर काच निम्मी साधली असताना एकाला हसू आवरेना. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या आत्मकथनात कॅमेरॉनबाईंनी या गोष्टी खेळकरपणे सांगितल्या आहेत, पण त्यांच्या चित्रांना इतरांपेक्षा जास्त वेळ का लागे हे त्यांतून कळत नाही. त्याचे कारण तांत्रिक होते. त्यांना चेहरा मोठा हवा असे, काच मोठी हवी असे (१८६६ नंतरची त्यांची काच १५ इंच लांब व १२ इंच रुंद होती), आणि प्रकाश वरून व कडेने मंद येणारा हवा असे. परिणामी एक्स्पोजर तीन ते सात मिनिटांपर्यंत जाई. शिवाय हेड रेस्टचा चिमटा त्यांना पसंत नव्हता. म्हणजे स्टुडिओवाल्यांनी ज्या यंत्राने माणूस जखडला ते त्यांनी नाकारले आणि त्याच्या जागी आपल्या आग्रहाची सक्ती आणली.

या सक्तीचा मोठा भाग घरातील मोलकरणींनी सोसला. मेरी हिलियर ही फ्रेशवॉटरचीच मुलगी चाकरीला आली आणि कॅमेरॉनबाईंच्या मॅडोनाचित्रांत, म्हणजे कुमारी मेरीच्या चित्रांत, इतक्या वेळा बसली की गावात तिला त्याच नावाने ओळखू लागले. ती हजर असे, कारण हजर असणे हीच तिची नोकरी होती. भांडी किंवा अंथरुणे बाजूला ठेवून तिला कधीही बोलावता येई. मेरी रायन हिची कथा याहून अद्भुत आहे. पुटनी हीथवर आईबरोबर भीक मागणाऱ्या या आयरिश मुलीला कॅमेरॉनबाईंनी घरी आणले, आपल्या मुलांबरोबर शिकवले, पण कामावरही ठेवले. १८६५ साली हेन्री टेलर यांच्या प्रॉस्पेरोसमोर ती मिरांडा म्हणून बसली. लंडनच्या कोल्नाघी दालनातील प्रदर्शनात तिची चित्रे पाहून बंगालच्या मुलकी सेवेत जाऊ घातलेल्या हेन्री कॉटन या तरुणाने तिला मागणी घातली आणि १८६७ मध्ये त्यांचे लग्न झाले. हेच सर हेन्री कॉटन पुढे आसामचे मुख्य आयुक्त झाले आणि निवृत्तीनंतर १९०४ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून मुंबईकरांना परिचित झाले. लग्न झाल्यावर मेरी रायन भारतात गेली आणि कॅमेरॉनबाईंनी हाताशी असलेले एक उत्तम मॉडेल गमावले, ही बाजू चरित्रकार सहसा सांगत नाहीत.

मुलांच्या बाबतीत चाकरीचा धाक चालत नसे. लॉरा गर्नी, पुढे लेडी ट्रूब्रिज, हिने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत म्हटले आहे की रसायनांनी डागाळलेले हात आणि काळे कपडे घेऊन या बाई येताना दिसल्या की मुले लपून बसत, आणि सापडलेल्या मुलाच्या उघड्या खांद्यांना हंसाचे जड पंख बांधले जात. त्या चित्रांतील देवदूत कष्टी दिसतात त्यात अभिनय थोडाच असावा. मोठ्यांतल्या अनुभवाचे सर्वांत बोलके वर्णन १८८६ च्या एका छायाचित्रविषयक नियतकालिकात नाव न देता एका बाईंनी लिहिले: डोक्यावर मुकुट घालून त्यांना बसवले होते, पहिल्या मिनिटाला किंचाळावेसे वाटले, पुढच्या मिनिटाला डोळे बाहेर येतील असे वाटले, मग मान थरथरू लागली, मग सैल असलेला मुकुट कपाळावर घसरू लागला आणि पाचव्या मिनिटाला, जेव्हा त्या कशाबशा तग धरून होत्या, शेजारी बसलेल्या वयोवृद्ध चार्ल्स कॅमेरॉन यांना नेहमीप्रमाणे भलत्या वेळी हसू फुटले आणि त्यांनाही ते आवरेना. ऐंशीच्या घरात आलेले हे कायदेपंडित पत्नीसाठी दाढी मोकळी सोडून जादूगार मर्लिन होऊन बसत. सर्वांत निष्ठावंत आणि सर्वांत बेभरवशाचे मॉडेल एकाच माणसात एकवटले होते असे त्यांच्याविषयी म्हणता येईल.

थोर पुरुषांकडे कॅमेरॉनबाईंना स्वतः विनवण्या कराव्या लागत. १८६४ च्या एप्रिलमध्ये इटलीचे राष्ट्रवीर गॅरिबाल्डी टेनिसन यांच्या भेटीला आले, तेव्हा बाईंनी गुडघे टेकून त्यांना बसण्याची विनंती केली आणि काळे झालेले हात पाहून त्यांना ती भिकारीण वाटली, अशी कथा सांगितली जाते. चित्र मात्र झाले नाही. १८६८ साली अमेरिकन कवी लाँगफेलो आले, त्यांना टेनिसन यांनी या बाईंकडे पोहोचवले आणि आता त्या सांगतील ते निमूट करावे लागेल असा इशारा देऊन ते निघून गेले. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शल यांचे चित्र घेण्यासाठी १८६७ मध्ये बाई आपले सर्व साहित्य घेऊन त्यांच्या घरी गेल्या. मॉडेलने यावे यासाठी स्टुडिओच मॉडेलच्या दारात न्यावा लागला, हे त्यातले खरे मर्म. सामान्य माणसाला त्या बोलावून घेत, मोठ्या माणसाकडे त्या जात, आणि दोहोंच्या मध्ये असलेले पाहुणे व शेजारी येत-जात असताना पकडले जात.

टेनिसन यांच्या आर्थर राजाविषयीच्या काव्यासाठी १८७४-७५ साली त्यांनी चित्रे केली तेव्हा या सगळ्या अडचणी एका कामात गोळा झाल्या. एका पत्रात त्यांनी १२ चांगली चित्रे मिळवण्यासाठी २४५ काचा घेतल्याचे लिहिले आहे. राजा आर्थर म्हणून त्यांना यार्मथच्या धक्क्यावर काम करणारा विल्यम वॉर्डर हा हमाल सापडला. लॅन्सलॉटसाठी मात्र मनासारखा चेहरा मिळेना. एका समारंभात बिशप व्हॉन यांच्याकडे पाहून बाईंनी आपल्याला लॅन्सलॉट मिळाल्याचे सांगितले, तेव्हा दृष्टी अधू असलेल्या टेनिसन यांनी, समोर कोण आहे हे न दिसल्यामुळे, या भूमिकेला पापवासनांनी झिजलेला चेहरा हवा असे मोठ्याने म्हटल्याची आख्यायिका आहे. हमालाला राजा करणे सोपे आणि बिशपला सरदार करणे कठीण, यातील विनोद त्या काळच्या लोकांना कितपत जाणवला असेल हे सांगणे अवघड आहे.

१८७५ मध्ये हे दांपत्य सिलोनला, आजच्या श्रीलंकेला, गेले. १८७७ च्या जानेवारीत वनस्पतिचित्रकार मेरिअॅन नॉर्थ कालुतारा येथे पाहुण्या म्हणून आल्या, तेव्हा बाईंनी त्यांना काश्मिरी लोकरीच्या वस्त्रांत गुंडाळून, भर दुपारच्या उन्हात, नारळीच्या झावळ्या डोक्यावर टोचत असताना, सहज दिसायला सांगून तीन दिवस चित्रांचा उद्योग केला. नॉर्थ यांनी तो आपल्या आठवणींत मिस्किलपणे नोंदवला आहे. त्याच काळात बाईंनी मळ्यांतील मजुरांची चित्रे घेतली, पण ते मजूर किती वेळ बसले, काय म्हणाले, त्यांना काही मोबदला मिळाला की नाही, यांतले काहीच त्या आठवणींत नाही. एकूणच मॉडेलच्या तक्रारी त्या-त्या मॉडेलच्या सामाजिक स्थानाच्या प्रमाणात टिकल्या आहेत: लेडी ट्रूब्रिज आणि नॉर्थ यांना लिहिता येत होते व छापणारे होते, मेरी हिलियरचे म्हणणे मिळत नाही. छायाचित्रकारांनी बेभरवशाच्या मॉडेलविषयी जे लिहिले ते बरेचसे अशा माणसांविषयी आहे ज्यांना उठून जाण्याची मुभा होती. ज्यांना ती नव्हती त्यांच्याविषयी कोणी कुरकुर केलेली नाही, आणि त्यावरून त्यांना हे काम रुचत होते असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

मुंबईत हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. १८५४ च्या ऑक्टोबरमध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी होत. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील विविध जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील माणसे स्टुडिओत उभी करून घेतलेली आहेत आणि मागचे देऊळ, बाजार किंवा समुद्र दुसऱ्या निगेटिव्हमधून आणून जोडलेला आहे. म्हणजे रेजलँडर यांची युक्ती इथे जातवार वर्णनाच्या कामी लागली. एका समूहाचे चार लोक योग्य पोशाखात, योग्य जागी, योग्य प्रकाशात एकत्र भेटणे मुंबईतही तितकेच दुर्मीळ होते, आणि पुस्तकाच्या वाचकाला मात्र ते तसे सहज भेटले असावेत असा भास हवा होता. पडद्यातील स्त्रियांनी तर अशा स्टुडिओत येणेच अशक्य होते. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळा, उंच भिंतींआडचा स्टुडिओ काढला आणि तो एका युरोपीय महिलेच्या हाती सोपवला. तेव्हा न येणाऱ्या गिऱ्हाइकाचे कारण ओळखून व्यवसाय बदलण्याची एक शहाणी रीत दिसली.

चित्रकारांची अडचण याहून जुनी होती. पौराणिक नायिका रंगवणाऱ्या राजा रविवर्मा यांना मुंबईत बसायला तयार असणाऱ्या स्त्रिया कुलीन म्हणवणाऱ्या घरांतून मिळण्याची शक्यता जवळपास नव्हतीच. गाणाऱ्या-नाचणाऱ्या घराण्यांतील स्त्रियांनी त्यांची ही गरज भागवली आणि गोव्याकडून आलेल्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचे नाव त्या संदर्भात संगीताच्या इतिहासात घेतले जाते. त्या वर्गातील स्त्रीला आधीच समाजाने बाहेर ठेवलेले असल्यामुळे चित्रासाठी बसून तिची आणखी बदनामी होण्यासारखे फार उरलेले नव्हते, हे कटू असले तरी त्या भरवशाचे कारण तेच होते. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कला विद्यालयात कित्येक दशके प्रतिमांच्या प्लास्टरच्या साच्यांवरून अभ्यास करण्यावर भर राहिला. ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२० च्या सुमारास तिथे लाइफ क्लास, म्हणजे जिवंत व बहुधा विवस्त्र मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग, सुरू केला, तेव्हा मॉडेलला पैसे चित्रकार नव्हे तर संस्था देऊ लागली आणि कामाला ठरलेल्या तासांची चौकट आली.

व्यवहार नियमित झाला तरी त्याभोवतीची लाज नियमित झाली नाही. रवी जाधव यांच्या २०१८ च्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटातील यमुना मुंबईत येऊन कला विद्यालयात मॉडेल होते, त्या पैशावर मुलाचे शिक्षण करते आणि हे काम त्याच्यापासून लपवून ठेवते. अशा कामावर एखाद्या दिवशी न येण्याचे कारण घरात घडलेले असते, ते सांगितले तर कामाचेच नाव घ्यावे लागते, आणि म्हणून वर्गात बसून वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना ते कळण्याचा मार्ग नसतो.